दुसरी फुंक

तारीख ९, सोमवार

ताई,

नमस्कार. तुम्ही दोघं बरे असाल असं धरून लिहितेय. भावोजींचा दमा कसा आहे हे विचारायचा हक्क मला उरला नसेल, तरी विचारते. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद दूधवाल्याच्या हाती देतेय. जंतू मरावेत म्हणून कागदाला दोन्ही बाजूंनी इस्त्री केली आहे. कोपरा पिवळा पडलाय तो त्यामुळे, धाकटीने रद्दी वापरली म्हणून नाक मुरडू नकोस.

आमच्या गल्लीत सध्या घरोघरी डॉक्टर झालेत. समोरची शिक्षिका बटाटे साबणाने धुऊन खिडकीत वाळत घालते. किराणावाल्याने दुकानाच्या दारात टेबल आडवं टाकलंय आणि सामान लांब दांड्याच्या फावड्यावरून पुढे सरकवतो. काल अंडीही तशीच सरकवली. निम्मी घरी पोचली. सकाळ-संध्याकाळ कर्णा लावलेली गाडी फिरते: हात धुवा, तोंड झाका, ताप आला की घरच्यांपासून वेगळे व्हा, हा आजार ताप चढल्यावरच दुसऱ्याला लागतो. पिपाणीला ते सगळं पाठ झालंय. बाहुलीला समोर बसवून दिवसभर तीच घोषणा चालू असते. बाबांनी नातीचं नाव पिपाणी ठेवलं ते किती विचार करून, हे घराची दारं बंद झाल्यावर कळतंय.

तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. आता बुटांच्या नाड्या स्वतः बांधते आणि मला अक्कल शिकवते. तुझ्यावर गेली आहे.

कामाचं विचारू नकोस. या दिवसांत बँड कोणाला हवाय? बँडमास्तरांचा ट्रम्पेट तेवढा दुरुस्त करून खुंटीला लावलाय, तर तेच न्यायला येत नाहीत. बाबांचा नियम मात्र अजून मोडलेला नाही. पहिली फुंक दुरुस्त करणाऱ्याची, दुसरी दुसऱ्या कोणाची तरी, मगच वाद्य खुंटीवर, तिथून दुकानाबाहेर. आपली चूक आपल्या कानाला गोड लागते, म्हणायचे ते. तू होतीस तोवर दुसरी फुंक तुझी होती. तू गेल्यावर मी कोणाकोणाला पकडून आणलं ते सांगत बसत नाही. गेल्या वर्षापासून पिपाणी फुंकते. तिला सूर काय कळतो म्हणशील, तर तुझ्याएवढाच कळतो. फक्त तुझ्यासारखी तोंड वाकडं करत नाही.

तू नापास केलेला तो कॉर्नेट मी तरीही गिऱ्हाइकाला दिला, एवढ्यावरून तू घर सोडलंस. तो बरोबर होता, हे मी आजही म्हणेन. पण ते आता राहू दे.

सध्या दुसरी फुंकही बंद आहे. पिपाणीचा पुढचा दात पडलाय. फुंकायला गेली की हवा सगळी फटीतून जाते आणि तीच हसत सुटते. तिचे बाबा जहाजावर अडकलेत, कुठलंच बंदर त्यांना उतरू देत नाही. त्यांनी दात बघायला मागितला, तर हिने मोबाइलसमोर आ वासून दात नसलेली जागा दाखवली.

मला जराशी कणकण आहे. पॉलिशच्या वासाने होते तशीच, नेहमीची. तुमच्या वरच्या खोलीत सध्या कोणी राहतं का? तिला बाहेरून वेगळा जिना आहे ना? सहज आठवलं म्हणून विचारलं.

धाकटी

तारीख १२, गुरुवार

ताई,

उत्तर आलं नाही. तू देशील असं मलाही वाटलं नव्हतं. पण आता रुसून बसणं मला परवडणार नाही, म्हणून पुन्हा लिहितेय. इस्त्री पिपाणीने केली आहे, हातमोजे घालून, स्टुलावर उभी राहून. मी दाराच्या फटीतून कागद तिच्याकडे सरकवते, तो चिमट्याने उचलायचा असं तिला शिकवलंय.

मला तो आजार झालाय.

सोमवारी तुला कणकण लिहिली तेव्हा अंगात ताप भरला होता. पॉलिशचा वास हा बहाणा होता, तुला तो पहिल्या ओळीत कळला असेल. कपाळ तापलेलं जाणवलं तशी मी मागच्या खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. तेव्हापासून पिपाणी पुढे दुकानात आणि मी आत. ती कामाच्या टेबलाखाली गादी टाकून झोपते. दाराशी येते, बाहेरूनच जेवलीस का म्हणून विचारते. मी आतून ओरडून सांगते, आधी तू जेव. पाव, दूध आणि उकडलेले बटाटे यावर पोरगी दिवस काढतेय.

मंगळवारी तपासणीवाले येऊन गेले. माझी तपासणी बिघडलेली आली, तिची साफ आली. दारावर पट्टी चिकटवली आहे. बँडमास्तर याच आजाराने गेले, हे तपासणीवाल्यांकडूनच कळलं. ट्रम्पेट खुंटीवर तसाच आहे.

मी काळजी घेतली नाही असं समजू नकोस. तो ट्रम्पेट आला तेव्हा मी हातमोजे घातले होते, तोंडाला मास्क होता. मास्तरांना उंबऱ्याबाहेर उभं केलं. वाद्य बाहेरून स्पिरिटने पुसलं, उन्हात ठेवलं, पुन्हा पुसलं. आत मास्तरांची फुंक होती, हे मात्र डोक्यातच आलं नाही. नळी खोलून झडप बसवली, जोडली, आणि मास्क खाली ओढून तोंडाला लावला. फुंकल्याशिवाय वाद्य झालं असं आपण कधी मानलंय का? सगळी गल्ली बटाटे धुतेय आणि मी पुसलेल्या ट्रम्पेटला तोंड लावलं. हसू नकोस. नाहीतर हस, मला चालेल.

आता खरं काम. इस्पितळात खाट नाही. शनिवारी एक मिळेल म्हणतात. मला नेलं की पिपाणीचं काय, असं मी तपासणीवाल्यांबरोबर आलेल्या परिचारिकेला विचारलं. ती म्हणाली, "नातेवाईक असेल तर नातेवाइकाकडे, नाहीतर मुलांच्या हॉलमध्ये." मी विचारलं, हॉल कसा आहे. ती म्हणाली, "ताई, खोटं कशाला सांगू? तिथे आजारी आणि बरी मुलं एकाच छपराखाली आहेत. मधे पडदा आहे."

मधे पडदा आहे, ताई.

मला तुझ्याशिवाय कोणी नाही. बाजार ओलांडला की तुझं घर. वरची खोली दे. भावोजींनी जिन्याकडे फिरकूही नये. जेवण पायरीवर ठेव. तिला एकटं राहता येतं, गेले काही दिवस तेच करतेय. तिने त्या ट्रम्पेटला तोंड लावलेलं नाही. दात पडला होता ना, लिहिलंच होतं तुला.

मी हात जोडते. मी कधी कोणापुढे हात जोडलेले तू पाहिले नाहीस, म्हणून मुद्दाम लिहून सांगतेय.

तुझी धाकटी

तारीख १३, शुक्रवार

ताई,

दुधाच्या किटलीबरोबर तुझी चिठ्ठी आली. पिपाणीनेच ती दाराबाहेर उभी राहून मला वाचून दाखवली. अक्षर अक्षर लावत. "दुसरी फुंक कोणाची होती?" एवढंच. मग म्हणाली, "आई, मावशीने खाली नावच लिहिलं नाही." मी म्हटलं, मावशीचं अक्षर हेच मावशीचं नाव.

सकाळपासून दोन वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात लिहिलं होतं की दुसरी फुंक झालीच नाही. दुसऱ्यात, की मीच दोनदा फुंकला. तू दोन्ही मानली नसतीस. ट्रम्पेट खुंटीवर आहे असं मी सोमवारच्याच पत्रात लिहून बसले होते, आणि दुसरी फुंक झाल्याशिवाय आपल्याकडे काही खुंटीवर जात नाही. तू त्याच घरात वाढली आहेस.

पिपाणीने फुंकला.

तिचा दात पडला हे खरं आहे. पण तो त्याच ट्रम्पेटवर पडला. हलत होता, मी म्हटलं आज राहू दे, तर म्हणाली, "नियम म्हणजे नियम." माउथपीस ओठांवर दाबला, जोरात फुंक मारली आणि दात निसटून जिभेवर आला. सूर अर्धा निघाला. तिने दात तळहातावर घेतला आणि म्हणाली, "पास." आम्ही दोघी किती हसलो. मी तोच दात तुला साक्षीला दिला, कारण तो दिसत होता आणि खोटं वाटत नव्हता.

आई आहे मी. हॉल डोळ्यांसमोर आला आणि लिहून गेले. भावोजींची छाती मला ठाऊक नाही असं थोडंच आहे? ते जिना चढताना मधे थांबतात ते पाहिलंय मी. तरी लिहिलं. आता तुला चुकीचं सांगून पोरगी तुझ्या दारात उभी केली आणि तुझं घर बसलं, तर मी बरी होऊन तरी काय करू?

तर आहे ते असं आहे. तिला अजून ताप नाही. दर थोड्या वेळाने तिलाच थर्मामीटर लावायला सांगते, ती दाराबाहेरून आकडा ओरडते. लहान मुलांत ताप उशिरा चढतो, असं परिचारिका म्हणाली. चढेल किंवा चढणार नाही. चढेपर्यंत ती दुसऱ्याला देत नाही, असं कर्णा सांगतो. पण कर्ण्यावर तू किती विश्वास ठेवावास ते मी सांगणार नाही. ताप दिसला की त्याच क्षणी तिला हॉलमध्ये पाठव. मी तुला कधी बोल लावणार नाही.

माझं विचारशील तर आज मी खुंटीवरचा बाबांचा जुना कॉर्नेट हातात घेतला. तो आधीपासून आतल्या खोलीतच आहे. लांब सूर धरून बघितला. पूर्वी मी सूर धरला की तू कंटाळून उठून जायचीस. आज सुरुवात केली आणि संपला. पुढून पिपाणी म्हणाली, "आई, नापास." मग रडायला लागली. दार उघड म्हणाली. मी कडीवर हात ठेवला होता, ताई. मला वाटलं, आता काय उरलंय, उघडावं आणि कुशीत घ्यावं. हात काढून घेतला. तो कसा काढला ते मलाच माहीत.

उद्या सकाळी अँब्युलन्स येईल. दूधवाला हे पत्र त्याआधी तुझ्याकडे पोचवेल, त्याने शब्द दिलाय. मी मागच्या भागात असेन, पिपाणी पुढे ड्रायव्हरशेजारी, मधे काच. ड्रायव्हर भला माणूस आहे. हॉलकडे जाताना तुझ्या फाटकाशी गाडी थांबवेन म्हणाला, पण जास्त थांबता येणार नाही. तो दोनदा हॉर्न वाजवेल.

तिच्या पिशवीत दोन फ्रॉक, स्वेटर, बाहुली आणि थर्मामीटर आहे. दूध गरम लागतं. अंधाराला घाबरत नाही. वाऱ्याने खिडकी वाजली की घाबरते, तर कडी घट्ट लाव.

दुसऱ्या फुंकेचा हक्क बाबांनी तुला दिला होता. नापास करायचा हक्कही त्यातच आला. त्या कॉर्नेटच्या वेळी मी तुझं ऐकलं नाही. या वेळी दार उघडलं नाहीस, तर मी काचेवर हात मारणार नाही, हाका मारणार नाही. तू माझी ताईच राहशील.

पिपाणीला मी काहीही सांगितलेलं नाही. तिला एवढंच माहीत आहे की जाता जाता आपण मावशीचं घर बाहेरून बघायला थांबणार आहोत. दार बंद राहिलं, तर ती घर बघेल, आणि गाडी पुढे जाईल.

हॉर्नची वाट बघणारी,
तुझी धाकटी