आधी जाळी धर

रीडिंग,
२७ सप्टेंबर १९९२

प्रिय मधुमती,

काल मी मासा पकडला! अंडंसुद्धा न खाणारी तुझी वहिनी गुडघाभर पाण्यात उभी राहून मासे पकडते, हे तुझ्या दादाला, श्रीनिवासला कळतं तर त्यानं आधी माझा ताप पाहिला असता.

आणि मासा कुठला, तर ब्राऊन ट्राउट, तोही तळ्यात वाढवून सोडलेला नाही, नदीतच जन्मलेला. सोनेरी अंग, त्यावर लाल ठिपके. गळाला किडा नाही लावायचा. पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर इतकी अलगद टाकायची, की त्याला ती खरी वाटावी. पकडला की ओल्या हातानं सोडून द्यायचा, म्हणून तर मला चालतं.

एप्रिलमध्ये सुरुवात केली तेव्हा गारा पडत होत्या आणि माझी माशी सारखी मागच्या झुडपात अडकायची. सोडवायला विनय यायचा. हा आमच्या हॉस्पिटलमधला रेडिओलॉजिस्ट. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली. तुझा दादा गेल्यापासून मी ड्यूटी आणि घर सोडून कुठे जात नव्हते, म्हणून त्यानंच मला लॅम्बोर्न नदीवर ओढून नेलं. मे महिन्यात मेफ्लाय नावाच्या खऱ्या माश्या पाण्यातून ढगासारख्या उठल्या, मासे नुसते उसळत होते, आणि मला एकही लागला नाही. विनय मात्र घसरून पाण्यात बसला. मी इतकी हसले, की नंतर कारमध्ये रडूच आलं. त्यानं थर्मासमधला चहा ओतून दिला. ऑगस्टमध्ये पाणी उतरलं, आमची सावली दिसली तरी मासे पळायचे. तरी आम्ही दर शनिवारी जात राहिलो.

आता सीझन संपत आलाय. काल संध्याकाळी वळणावर पाण्यात बारीक वर्तुळ उमटलं. मी माशी टाकली, ती चक्क नीट पडली, आणि नेमकं तेव्हाच विनयनं मागून विचारलं, “प्रमोदिनी, माझ्याशी लग्न करशील?” तेवढ्यात दोरी ताणली गेली. मी म्हणाले, “आधी जाळी धर, मग सांगते.” मासा जाळीत आला, दोघांनी वाकून पाहिला, सोडला. मग मी हो म्हटलं.

अजून कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या आईलाही नाही. पहिलं तुला, कारण तू श्रीनिवासची बहीण आहेस. वाईट वाटलं तर तसं मोकळेपणानं लिही. नाही वाटलं, तर नोव्हेंबरात इकडे ये. रजिस्टर ऑफिसात दोन साक्षीदार लागतात. माझ्या बाजूनं तू सही करशील?

तुझीच,
प्रमोदिनी वहिनी