कपाशीचं फूल

रिसोड, ता. ९ मार्च १९७४

माय, तुले देवमनचा मनापासून जयभीम. मी मजेत हाये.

लगनाच्या लोखंडी पेट्यांवर मी फुलं काढतो, हे तुले माहीत हाये. मालक म्हणे, "ठसा मार, दिवसाले सहा पेट्या कर." मी एकच करतो. कपाशीचं पिवळं फूल, एकेक पाकळी. ब्रश हळू चालला का जीव हलका होते.

सोमवारी त्यानं माह्या ओल्या फुलावर घासलेटची चिंधी फिरवली. मी त्याच पेटीवर तेच फूल पुन्हा काढाले बसलो, आधीपेक्षा हळू.

"काम सोड!" तो ओरडला.

"सोडतो. पण हे फूल पुरं करून."

पेटी घ्यायले आलेल्या चतुराबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "माह्या लेकीले हेच पायजे. ठशाचं नको."

फूल पुरं करून मी दुकान सोडलं. आता त्यायच्याच ओसरीवर बसून पेट्या रंगवतो. जेवण होते. रंगाच्या वासानं जरा खोकला येते, तो जाईन.

तुही कंबर कशी हाये? दुकान सोडलं हे आयकून बाबा रागावतीन. त्यायले सांग, पोरगा कामचुकार नाही. माफी मागून त्या दुकानात मात्र मी जाणार नाही.

तुहाच,
देवमन