दोन्ही तुकडे चकचकीत

१२ मे
पारशिवनीच्या डेअरीची ऑर्डर. दुधाची टाकी, पूर्ण स्टेनलेस. आयुष्य वेल्डिंगात गेलं माझं, पण गॅस कोणता हे मालकांनी आधी रोहिणीला विचारलं. यंदाच लागलेली, आयटीआयची पोरगी. म्हणे, "लोखंडाचा मिक्स गॅस नको. जोड काळा पडते, मग गंजते. स्टीलचा सिलिंडर वेगळा येते." मालक मान डोलावत होते. माझ्या पोटात दुखलं. दुखलंच.

१३ मे
मी म्हटलं, मिक्सवर होतं, हात पाहिजे. का म्हटलं? ती नको म्हणाली म्हणून. मालक म्हणाले, "दोघंही एकेक तुकडा जोडा गा. मिठाच्या पाण्यात ठेवू. समजूनच जाईन."

१४ मे
रो.ने (पूर्ण नाव लिहायचं जिवावर येतं) मागवलेल्या स्टीलच्या सिलिंडरवर, कूलर बंद करून तुकडा जोडला. वाऱ्याने जोडावरचा गॅस उडतो म्हणे. या उन्हात! सगळे घामाघूम, तरी कौतुक तिचंच. जोड सुरेख. कोणी नसताना बोट फिरवून पाहिलं.
माझा मिक्सवरचा काळाकुट्ट. जेवणाच्या सुट्टीत तिच्या सिलिंडरची नळी माझ्या मशीनला लावली. कूलरही बंद केला. दुसरा तुकडा जोडला. पहिला भंगारात, खाली दाबून.

२१ मे
पाण्यातून काढले. दोन्ही चकचकीत. मालक खूश. "मिक्सवर होऊन राहिलं तर महाग गॅस काहून? टाकी तूच कर गा." सगळ्यांना चहा मी पाजला. रो.चं तोंड उतरलेलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी ती जवळ आली. वाटलं, पकडलं. तर म्हणते, "काकाजी, मी चुकली. मिक्सवर असा जोड कधीच नाही पाहिला. मले शिकवा नं."
भांडली असती तर परवडलं असतं.

२२ मे
पत्रे वाकवून आले. उद्या पहिला जोड, मिक्सवर. रो. शेजारी उभी राहून बघणार. टाकी गंजली तर लोकांचं दूध नासणार, नाव माझं. आणि मालकांना खरं सांगितलं तर ती जिंकली. अजूनही हेच आधी मनात येतं.
स्टीलचा सिलिंडर परत न्यायला सकाळी गाडी येते. गाडीच्या आधी पोचणार आहे मी. पोचून काय करणार, ते अजून ठरलं नाही.