तलावावरचं आकाश

प्रिय धाकटे,

आईच्या फोटोंच्या प्रदर्शनाची तयारी कुठवर आली, असं ताईकडे विचारलंस म्हणे. सगळे फोटो छापून आले, एक सोडून. तो तलावाचा. गॅलरीवाल्या बाईंचा फोन येतो, मी 'करतो' म्हणतो आणि पुन्हा स्क्रीनसमोर जाऊन बसतो.

आमची पद्धत तू लहानपणापासून बघत आलीस. फोटो तिने काढायचा, संगणकावरचं काम माझं. चौकट तिची, तिला मी कधी हात लावला नाही. कॅमेऱ्यातून फाइल येते ती विटक्या कापडासारखी फिकट. तिच्यात उजेड, सावली, रंग भरावे लागतात. मी भरत जायचो आणि ती शेजारी बसून भाजी निवडता निवडता सांगायची, "अहो, इतकं लाल नव्हतं. कॅलेंडर छापताय का?" मी कमी केलं की म्हणायची, "आता डोंगर आजारी दिसतोय." शेवटी कधीतरी नुसतं "हं" म्हणायची, आणि मी फाइल बंद करायचो. मला गाडी लागते, पहाटेची थंडी सोसत नाही, म्हणून तिच्याबरोबर मी कुठेच गेलो नाही. ते सगळे डोंगर आणि नद्या मी तिच्या बोलण्यावरून रंगवल्या.

तलावाच्या फोटोत तिने जमीन खाली पट्टीएवढीच ठेवली आहे. बाकी सगळं आकाश. ते चुकलं तर फोटोच चुकला. मी निळं करून पाहिलं, राखाडी केलं, जरा गुलाबीकडे नेलं. सगळीच बरी दिसतात, हीच पंचाईत आहे. ताई म्हणाली, "बाबा, कुणाला कळणार आहे? तुम्हाला आवडेल ते ठेवा ना." कुणाला कळणार नाही हे खरं. पण मग ते माझं आकाश होईल, आणि मी तर तिथे नव्हतो.

तू त्या दिवसाबद्दल बोलत नाहीस. डॉक्टर नको म्हणत असताना तू तिला गाडीत बसवून तलावावर नेलंस, आणि पुढच्या आठवड्यात ती गेली. रागाच्या भरात ताई तुला काय बोलली ते मी ऐकलं आहे. मी गप्प होतो, कारण मी नेहमीच गप्प असतो. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस. त्या संध्याकाळी ती बूट न काढताच माझ्या खोलीत आली, कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "उद्या बसू." तिचा असा चेहरा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तिला नेलंस ते फार बरं केलंस.

आमचं बसणं काही झालं नाही. ते आकाश कसं होतं हे आता तुला एकटीलाच माहीत आहे. गॅलरीवाल्या बाईंना मी थांबायला सांगितलं आहे. फोनवर सांगू नकोस, फोनवर रंग कळत नाही. घरी ये. मी करत जाईन, चुकलं की सांग.

तुझाच, अडून बसलेला
बाबा