जहाजाची डावी बाजू

बाबा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या छोट्या लाकडी जहाजाच्या दोन्ही बाजू तुम्हीच तासल्या आणि त्या अगदी सारख्या उतरल्या. ते खरं नाही. डावी बाजू एक सूत जाड होती. उजवीवरून कापलेला कागदाचा फर्मा डावीवर धरला तेव्हा मला कळलं. शेवटी शेवटी तुम्ही अंगात ताप असताना काम करत होतात.

मुंबईच्या गोदीतली सुतारकी सोडून तुम्ही बोदलकसा तलावाजवळच्या आपल्या गावी परतलात आणि चुलीपुढच्या राखेत रेघा ओढून मला अपूर्णांक शिकवलेत. खऱ्या जहाजाचा एक फूट, तर आपल्या लाकडावर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. अजून दिसता तुम्ही, पट्टी माझ्या हातात देऊन म्हणता, "सूतभर चुकली तं फूटभर चुकली, पोरी." शेजारची काकू ते शिवणीच्या झाडाचं लाकूड निरखून विचारते, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीले चाकं असतात, याले काऊन नाही? हे पाण्यावर चालते, वहिनी, तुम्ही सांगता, चाकं कायले? तिला ते शेवटपर्यंत पटत नाही. तुम्ही गेल्यावर चार महिने मी त्या डाव्या बाजूला हात लावला नाही. मग काचेच्या तुकड्यानं खरवडत गेले, रोज थोडं, दर वेळी फर्मा लावून. डोलकाठ्या, मेणातून ओढलेल्या दोऱ्या, जवसाच्या तेलाचे सात हात, सगळं मी केलं.

परवा गोंदियाच्या हायस्कुलातले मास्तर प्रदर्शनासाठी जहाज घेऊन गेले. सगळं वडिलांनीच केलं ना, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून मान हलवली. खरं सांगितलं तर तुमचं काम कमी दिसेल, अशी भीती वाटली. त्यांनी जहाजाला लावायच्या चिठ्ठीवर तसंच लिहिलं. ते गेल्यावर आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "बापाच्या नावानं लबाड बोलून राहिली तू. हेच शिकवलं का त्यानं?" चिठ्ठीवर असं हवं: जहाज वडिलांनी कोरलं, मुलीनं पुरं केलं. हे पत्रही मागच्यासारखं पेटीतच राहील, कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकते. डावी बाजू तुमच्या उजवीपेक्षा चांगली झाली आहे, बाबा. प्रदर्शन मंगळवारी उघडतं. ती चिठ्ठी बदलून घ्यायला मी तिरोड्याहून सोमवारी सकाळच्या गाडीनं जाते.