शीतकक्षातील अर्जदार व त्याचे प्रथिन यांच्या तातडीच्या सुटकेबाबत

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
संशोधन संस्था.

विषय : शीतकक्षाचे दार उघडणेबाबत, परंतु थंडी बंद न करणेबाबत.
संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जावरील आपला शेरा, ‘थंडी बंद करावी व माझी बैठक संपेपर्यंत थांबावे.’

महोदय,

१. जेवणाच्या सुट्टीत कोणी आत न डोकावता या खोलीला कुलूप घातले. आतून उघडण्याची दांडी मोडकी आहे. तिच्या दुरुस्तीचा अर्ज आपल्याच टेबलावर विश्रांती घेत आहे. वॉचमन दाराखालून कागद नेतो-आणतो, पण म्हणतो, “काका, सहीशिवाय उघडलं तर माझी नोकरी जाईल. तुमचं काय, तुम्ही रिटायरच होताय!” खरे आहे. महिनाअखेर मी निवृत्त होतो, म्हणूनच हा प्रयोग पुन्हा होणे नाही.

२. थंडीचे बटण हाताशी असून मी ते दाबत नाही. माझ्यापुढच्या काचेच्या नळीत मणी आहेत, मण्यांना डीएनएचे तुकडे चिकटवलेले आहेत आणि त्यांवरून पेशींचा अर्क सोडला आहे. त्या अर्कातले आमचे प्रथिन डीएनएचा पीळ न उलगडता खाचेत बोट घालून अक्षरांच्या कडा चाचपते. परका मजकूर लागला, तर सैल हाताने पुढे घसरते. स्वतःचा क्रम सापडला, की मिठी मारून बसते. मोक्याचे एक अक्षर बदलले तरी पकड ढिली. सध्या बेताचे खारे पाणी सोडून मी उपऱ्यांना हाकलतो आहे. शेवटी जास्त खारे सोडले, की आमचा गडीही मिठी सोडून खाली उतरेल. मात्र खोली तापली, तर अर्कातली प्रथिने कुरतडणारी विकरे जागी होऊन त्याची बोटेच खातील.

३. इकडे माझा श्वास बाहेर पडून ढग होतो आणि परत आत यायला साफ नकार देतो. मिशी वाजते. हातात पेन आहे की नळीची तोटी, हे पाहिल्याखेरीज कळत नाही.

४. हे लिहीत असतानाच पंखा थांबला. वॉचमनने बाहेरच्या मुख्य बटणावरून थंडी बंद केली, आतले बटण आता दाबूनही चालत नाही! मी ‘चालू कर’ म्हणून ओरडतो, तर तो म्हणतो, “काका, साहेबांचा लेखी शेरा आहे, मी कसा मोडू?”

सबब, दार उघडण्याची विनंती मी मागे घेतो. ते बैठक संपेपर्यंत खुशाल बंद राहो. थंडी तेवढी याक्षणी सुरू व्हावी.

गारठ्याच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
ज्येष्ठ संशोधक (सही आतून)
दिनांक : आजचाच

सोबत : ‘थंडी सुरू करावी’ असा तयार आदेश. आपण फक्त सही करावी.