धाकटीला सेंटरवर सोडणे

२ मार्च, सोमवार
बाबांचा फोन. धाकटीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा पंधरा तारखेला, रविवारी, इथेच. गेल्या वर्षी चार मार्कांनी गेली. यंदा शेवटचं, नाहीतर घरी बस, असं बाबांनी तिला बजावलंय. मला म्हणाले, तू आहेस म्हणून पाठवतोय, एरवी एवढ्या मोठ्या शहरात पोरीला धाडायची माझी छाती नाही. मी म्हणालो, निर्धास्त राहा, अकरा महिन्यांत इथली खडानखडा माहिती झालीय.
तसं पाहिलं तर खोली ते ऑफिस एवढीच. पण तोही लांबचा रस्ता आहे.

४ मार्च
संकल्प : रोज एक नवा रस्ता. आजच सुरुवात. ऑफिस सुटल्यावर मुद्दाम मागच्या गल्लीतून निघालो. पाऊण तासाने पुन्हा ऑफिसच्याच गेटवर. वॉचमनने विचारलं, साहेब, डबा विसरलात का? हो म्हणालो. मग वर जावंच लागलं. रिकाम्या हाताने कसं उतरणार, म्हणून कोणाचा तरी टेबलावरचा डबा घेऊन आलो. उद्या परत ठेवणे.

५ मार्च
डबा मॅनेजर मॅडमचा निघाला. ठेवताना सापडलो. सविस्तर लिहीत नाही.
नवा रस्ता रोज म्हणजे जरा अतिच होतं. आठवड्यातून एक पुरे.

७ मार्च, शनिवार
आमच्या ऑफिसातला स्टोअरकीपर परीक्षेचं सेंटर असलेल्या शाळेजवळच राहतो. त्याच्याबरोबर ऑफिसातून चालत गेलो. पंचवीस मिनिटं. त्याच्या आणि मेहुण्याच्या भांडणाची हकीकत ऐकता ऐकता कधी पोचलो कळलंही नाही. येताना त्यानेच बसमध्ये बसवून दिलं. ट्रायल यशस्वी, रस्ता पाठ.

११ मार्च
धाकटीचा फोन. म्हणते, मोबाइलच्या नकाशात सेंटर तुझ्या खोलीपासून तीनच किलोमीटर दिसतंय, चालत जाऊ. हसू आलं. मला ऑफिस गाठायलाच बसने पन्नास मिनिटं लागतात, आणि सेंटर ऑफिसच्याही पुढे. नकाशाला काय कळतंय?

१३ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
धाकटीला आणायला स्टँडवर गेलो. भलत्याच स्टँडवर गेलो. या शहरात दोन स्टँड आहेत हे कोणी लिहून ठेवत नाही. परत आलो तर बाईसाहेब खोलीच्या दारात पुस्तक उघडून बसलेल्या. दोघा-तिघांना विचारत आले, म्हणाली. मी समज दिली, अनोळखी लोकांना असं विचारत सुटू नये.

१४ मार्च, शनिवार
धाकटी म्हणाली, सेंटर एकदा बघून येते, तासाभरात परतते. माझा अपमानच झाला. म्हटलं, मी असताना? तू अभ्यास कर. तिने पुन्हा पुस्तक उघडलं. ही दोन वर्षं पहाटे चारला उठून वाचतेय, मग दिवसभर दवाखान्यात कामाला जाते.

१५ मार्च, रविवार, सकाळी ६.३०
गेट साडेआठला बंद होतं. पावणेसातला निघणार. नेहमीची बस, ऑफिस, तिथून चालत. हातचा मळ.

दुपारी १
नेहमीची बस रविवारी साडेसातला सुरू होते. मला कसं माहीत असणार? रविवारी मी खोलीबाहेर पडत नाही. धाकटी दोनदा म्हणाली, दादा, टॅक्सी करू. मी म्हणालो, येईल. तिने मोबाइल काढला तर बॅगेत ठेवायला लावला. परीक्षेआधी डोळे शिणवू नयेत, म्हणालो.
रस्ता मोकळा होता, आठला ऑफिसपाशी उतरलो. अजून जमत होतं. दुसऱ्या चौकात मात्र लक्षात आलं की मला फक्त मेहुण्याचं भांडण आठवतंय. स्टोअरकीपरचा आवाज जिथे चढला होता, तिथे बहुधा डावीकडे वळलो होतो. वळलो. पुढे नाला लागला.
शेवटी धाकटीने झाडणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पळत गेलो. आठ चाळीस. गेट बंद. मी शिपायाचे हात धरले, पाया पडलो, तो म्हणाला, माझ्या हातात काही नाही. धाकटी गेटचे गज धरून उभी होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.
मग तिने मोबाइल काढला आणि आम्ही चालत खोलीवर आलो. चाळीस मिनिटं लागली. मी तिच्या मागे, मान खाली घालून. बसच्या वेळापत्रकाबद्दल तक्रार लिहिणार होतो. नाही लिहीत. लाज वाटते.

१६ मार्च, सोमवार
धाकटी सकाळच्या गाडीने गेली. सोडायला येऊ का विचारलं. नको, जाईन मी, म्हणाली.
संध्याकाळी बाबांचा फोन. तिने घरी सांगितलं म्हणे, मीच उशिरा उठले, दादाने किती हाका मारल्या. बाबा तिला खूप बोलले. आता पुरे झालं शिक्षण, म्हणाले. मी तोंड उघडलं, बाबा, असं म्हणालोही. तेवढ्यात ते म्हणाले, तू होतास म्हणून निदान सुखरूप परत आली, नाहीतर त्या शहरात हरवलीच असती.
मी हो म्हणालो.